तिसऱ्यांदा पी०३४०: सेन्सर नवा, तरी गाडी गरम झाली की चालू होईना

सकाळी घरून निघताना गाडी अर्ध्या सेल्फमध्ये चालू व्हायची. पुण्याहून कराडला जाताना खंबाटकी ओलांडून सुरूरजवळ चहाला थांबायचो, पंधरा-वीस मिनिटांनी येऊन किल्ली फिरवली की सेल्फ नुसता फिरत राहायचा. आठ सेकंद, दहा सेकंद. मग एकदाचं इंजिन पकडायचं, मीटरवर पिवळा चेक लाइट यायचा आणि पुढचे दोन-तीन किलोमीटर गाडीला पिकअपच नसायचा. तासाभराने सगळं सुरळीत.

माझ्या चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीचं हे दुखणं चौदा महिने चाललं. गाडी २०१४ची, तेव्हा साधारण ९० हजार किलोमीटर झालेली. या काळात कॅम सेन्सर, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट कुठल्या स्थितीत आहे ते सांगणारा सेन्सर, दोनदा बदलला. पैसे गेले त्याचं एवढं वाटलं नाही. पण दुसऱ्यांदा गाडी अडली तेव्हा मागच्या सीटवर आई होती, मे महिन्यातली दुपार होती, आणि मला तिला काहीच सांगता येत नव्हतं. त्यानंतर मी स्वतः मीटर हातात घेतला. ज्यांच्या स्कॅनरवर पी०३४० हा बिघाडाचा कोड दिसतोय आणि 'सेन्सर गेलाय' एवढंच उत्तर मिळतंय, त्यांनी तिसरा सेन्सर मागवण्याआधी हे वाचावं म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

कोड नक्की काय म्हणतो

पी०३४० म्हणजे कॅमशाफ्ट पोझिशन सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड. यातला 'सर्किट' हा शब्द गॅरेजमध्ये गाळला जातो आणि तिथेच घोळ होतो. सर्किटमध्ये सेन्सर आला, त्याचं कपलर (वायरी जोडणारा प्लग) आलं, तीन वायरी आल्या, त्या जिथून जातात तो हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा आला आणि शेवटी इसीएमची, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कंप्युटरची पिनही आली. इसीएमला एवढंच कळतं की जो सिग्नल यायला हवा होता तो आला नाही. तो वाटेत कुठे अडला हे त्याला कळायला मार्ग नसतो. ते आपल्याला शोधावं लागतं.

शेजारचे कोडही ओळखून ठेवा, त्यांनी काम सोपं होतं. पी०३४१ म्हणजे सिग्नल येतोय, पण क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य शाफ्टच्या) सिग्नलशी मेळ खात नाही. पी०३४२ म्हणजे सिग्नल कायम खालच्या पातळीला अडकलाय, पी०३४३ म्हणजे कायम वरच्या पातळीला. पी०३४४ म्हणजे मधूनमधून तुटतोय. सोबत पी००१६ असेल तर मात्र सेन्सरवर पैसे घालू नका, त्याबद्दल पुढे सांगतो.

सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जागचा हलतोय का, हेही बघून ठेवा. बहुतेक गाड्यांत काटा क्रँक सेन्सरवर चालतो. सेल्फ जोरात फिरतोय आणि काटा शून्यावर मेल्यासारखा पडलाय, तर संशय क्रँक सेन्सरवर घ्यायचा. त्याचा कोड पी०३३५. माझा काटा दोनशेच्या आसपास थरथरत होता, म्हणजे क्रँकची बाजू ठीक होती.

गरम इंजिनालाच का त्रास

फोर स्ट्रोक इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वर आला हे क्रँक सेन्सर सांगतो. पण तो कॉम्प्रेशनला वर आलाय की एक्झॉस्टला, हे त्याला सांगता येत नाही, कारण दोन्ही वेळा क्रँक त्याच कोनात असतो. हा फरक फक्त कॅमला माहीत असतो. म्हणून कॅम सेन्सर.

इंजिन चालू असताना कॅमचा सिग्नल गेला तर बऱ्याच गाड्या बंद पडत नाहीत. कुठला सिलिंडर कुठे आहे याचा हिशेब इसीएमकडे आधीच असतो, तो क्रँकवर पुढे रेटतो. पण इंजिन थांबलं की हा हिशेब पुन्हा लावावा लागतो. काही इसीएम अशा वेळी दोन्ही फेऱ्यांना स्पार्क देऊन अंदाजाने इंजिन पकडवतात, त्यात सेल्फ लांबतो. काही इसीएम सरळ नकार देतात. म्हणून कुणाची गाडी उशिरा चालू होते आणि कुणाची अजिबात होत नाही. बिघाड मात्र दोघांचाही एकच असू शकतो. कॉमन रेल डिझेललाही हे लागू आहे.

आता उष्णता. गाडी धावत असताना पाणी फिरत असतं, समोरून हवा येत असते. गाडी उभी करून इंजिन बंद केलं की दोन्ही थांबतात, आणि तापलेल्या ब्लॉकची आणि हेडची उष्णता बॉनेटखाली कोंडून राहते. त्यामुळे बंद केल्यानंतर दहा ते वीस मिनिटं बॉनेटखालचे भाग चालत्या गाडीपेक्षाही जास्त तापतात. चहाचा ब्रेक नेमका तेवढाच असतो. कॅम सेन्सर हेडवर किंवा टॅपेट कव्हरजवळ बसलेला असतो, त्याला सगळ्यात जास्त झळ लागते. आतली चिप म्हातारी झाली असेल तर ती इथे दगा देते आणि थंड झाल्यावर पुन्हा शहाण्यासारखी वागते. म्हणून 'गरम झाल्यावर चालू होत नाही' म्हटलं की सगळे मेकॅनिक सेन्सरकडे बोट दाखवतात. त्यांचा अंदाज बऱ्याचदा बरोबरही निघतो. पण उष्णतेने मऊ होणारं, सैल होणारं तिथे आणखीही बरंच काही असतं.

दोनदा सेन्सर बदलून काय झालं

पहिला नवा सेन्सर घातला आणि तीन महिने गाडी एकदम उत्तम चालली. साहजिकच वाटलं, झालं काम. मग पुन्हा तेच. गॅरेजमध्ये म्हणाले, "दादा, पार्ट डुप्लिकेट आला असेल, ओरिजिनल टाकू." ओरिजिनल टाकला. दोन महिने बरी, पुन्हा तेच.

नवा सेन्सर घातल्यावर काही काळ बरं वाटणं ही फार फसवी गोष्ट आहे. सेन्सर बदलताना मेकॅनिक कपलर ओढून काढतो, पुन्हा दाबून बसवतो. त्यात पिना घासल्या जातात, त्यांच्यावरचा गंज-तेल खरवडलं जातं. हार्नेस बाजूला सारला जातो आणि परत ठेवताना थोड्या वेगळ्या जागी बसतो. बिघाड कपलरमध्ये किंवा वायरीत असेल तर एवढ्यानेच तो काही आठवडे दबतो. श्रेय मात्र नव्या सेन्सरला जातं. तुमच्याकडेही 'बदलला की दोन-तीन महिने ठीक' असा प्रकार असेल, तर माझं ठाम मत आहे की सेन्सर निर्दोष धरूनच तपासणी सुरू करावी.

स्कॅनर आणि मीटर

मोबाइलला ब्लूटूथने जोडायचा साधा स्कॅनर पुरतो. कोड वाचल्यावर लगेच पुसू नका. त्याच्यासोबत फ्रीज फ्रेम साठवलेली असते, म्हणजे कोड पडला त्या क्षणी इंजिनाची अवस्था काय होती त्याची नोंद. कोड पुसला की तीही जाते. गॅरेजमध्ये दोन्ही वेळा आधी कोड पुसला गेला होता. तिसऱ्या वेळी मी ती उघडून पाहिली: पाण्याचं तापमान ९८ अंश, आरपीएम २१०, गाडीचा वेग शून्य. म्हणजे कोड रस्त्यावर पडत नव्हता, गरम इंजिनाला सेल्फ मारतानाच पडत होता.

पुढचं काम मल्टिमीटरचं. आधी सेन्सरच्या वायरी मोजा. तीन असतील तर बहुधा तो हॉल सेन्सर. एक वायर सप्लायची, एक अर्थची (बॅटरीच्या मायनसकडे जाणारी), एक सिग्नलची. एडविन हॉल याने १८७९ मध्ये शोधलेला चुंबकीय परिणाम यात वापरलेला असतो. अशा सेन्सरचे ओहम मोजत बसू नका. आत इलेक्ट्रॉनिक्स असल्याने त्या आकड्याला काही अर्थ नसतो. दोन वायरी असतील तर तो साधा कॉइलवाला सेन्सर. त्याचे ओहम मोजता येतात, साधारण काही शे ते हजार-दीड हजारच्या दरम्यान येतात. सेल्फ मारताना एसी रेंजवर व्होल्टेज उठतंय का, हेही दिसतं. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा.

माझा तीन वायरींचा. किल्ली बंद करून कपलर काढलं, मग किल्ली ऑन केली, इंजिन चालू केलं नाही. मीटर २० व्होल्ट डीसीवर. काळी टोचणी बॅटरीच्या मायनसला आणि लाल टोचणी कपलरच्या एकेका पिनेला अलगद टेकवली. पिनेत खुपसायची नाही, नाहीतर तिचं तोंड रुंदावतं आणि मग खरोखरच लूज काँटॅक्टचा नवा रोग लागतो. सप्लायच्या पिनेवर माझ्याकडे ५ व्होल्टच्या जवळ आले. काही गाड्यांत इथे बॅटरीचे १२ असतात. सप्लायच मिळत नसेल तर फ्यूज बघा, आणि सप्लाय ५ व्होल्टचा असेल तर त्याच ५ व्होल्टवर चालणारे बाकीचे सेन्सर एकेक करून काढून बघा, कारण एक शॉर्ट झाला तर तो सगळ्यांचा सप्लाय खाली ओढतो.

अर्थ बघताना कपलर परत जोडून, मागच्या बाजूने वायरीच्या कडेने बारीक टाचणी सरकवली आणि अर्थच्या वायरीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत व्होल्टेज मोजलं. ते ०.१ व्होल्टच्या आत हवं. माझं ०.०२ आलं. हीदेखील बाजू ठीक.

सिग्नल बघायला जरा धीर लागतो. सेल्फ मारताना क्रँक मिनिटाला दोनशे फेरे मारतो आणि कॅम शंभर. एवढ्या वेगात साधा मीटर धड शून्यही दाखवत नाही आणि धड पाचही. मधलाच काहीतरी सरासरी आकडा नाचत राहतो. त्यामुळे इंजिन हाताने फिरवणं उत्तम. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इग्निशन कॉइलची आणि इंजेक्टरची कपलरं काढलेली. मग क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेनेच हळूहळू फिरवायचं. उलटं कधीच नाही, क्रँक आणि कॅमला जोडणाऱ्या टायमिंग चेनला ताणून धरणारा टेन्शनर दुखावतो. प्लग काढले तर फिरवायला हलकं जातं. कॉइल-इंजेक्टर सुटे असल्याचे दोन-चार कोड नवे पडतील, ते नंतर पुसता येतात. हात पंख्यापासून आणि बेल्टपासून लांब ठेवा, किल्ली ऑन असताना पंखा अचानक सुरू होऊ शकतो.

कॅमसोबत फिरणाऱ्या चकतीचा दाता सेन्सरसमोर आला की सिग्नल शून्याच्या जवळ आणि गेला की पाचच्या जवळ, किंवा उलट. उडी स्वच्छ हवी. माझ्याकडे प्रत्येक दात्याला स्वच्छ उडी मिळाली. गार इंजिनावर सगळंच छान होतं, आणि म्हणूनच गॅरेजमध्ये काही सापडत नव्हतं. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीला सकाळी दहा वाजता तपासून गरम इंजिनाचा रोग सापडायचा कसा?

सापडलं ते असं

दुसऱ्या दिवशी गाडी तासभर फिरवून आणली, बॉनेट बंद ठेवून पंधरा मिनिटं उभी केली. मग सेल्फ मारला. नेहमीसारखी अडली. चालू करायचा हट्ट न धरता किल्ली बंद केली, बॉनेट उघडलं, जाड हातमोजे घातले आणि सेन्सरचं कपलर काढलं. किल्ली पुन्हा ऑन.

इथे थोडं समजून घ्या. अशा बहुतेक हॉल सेन्सरमध्ये सिग्नलच्या वायरीवर इसीएम स्वतः ५ व्होल्ट देऊन ठेवतो आणि सेन्सर ती वायर ठराविक वेळी अर्थ करतो. म्हणजे सेन्सर काढून टाकला तरी कपलरच्या सिग्नल पिनेवर ५ व्होल्ट दिसलेच पाहिजेत. गार इंजिनावर मी ते पाहिलेही होते.

आता दिसले शून्य. सेन्सर कपलरमधून सुटलेला, आणि तरी सिग्नलची वायर अर्थ झालेली. ज्याला चौदा महिने दोष दिला, तो या क्षणी सर्किटमध्येच नव्हता.

मीटरकडे बघत हार्नेस बोटभर उचलला, आकडा लगेच पाचवर गेला. सोडला, पुन्हा शून्य. एअर फिल्टरच्या डब्याखाली, हेडला लागून एक पत्र्याचं ब्रॅकेट आहे. हार्नेस त्याच्या कडेवरून जातो. तिथली प्लॅस्टिकची क्लिप कधीतरी तुटली होती. कोणी काढताना तोडली की वयाने तुटली, सांगता येत नाही. काळी नालीदार नळी त्या धारेवर घासून फाटली होती आणि सिग्नलच्या वायरीचं आवरण नखभर लांबीत गेलं होतं. आतलं तांबं चकाकत होतं. गार असताना नळी कडक राहून वायर ब्रॅकेटपासून केसभर दूर राहायची. तापून मऊ झाली की खाली बसायची आणि तांबं पत्र्याला टेकायचं. सेन्सर बदलताना दोन्ही वेळा हार्नेस थोडा वर उचलला गेला होता, म्हणून ते दोन-तीन महिन्यांचे आराम.

दुरुस्तीला पाऊण तास लागला. वायर अजून तुटली नव्हती, तरी खराब भाग कापून त्याच जाडीचा तुकडा सोल्डर केला, त्यावर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह चढवली. घरातली वायरिंगची पीव्हीसी टेप इंजिनावर लावू नका. काही महिन्यांत तिचा डिंक पाघळतो आणि ती सुटते. हार्नेससाठी कापडी टेप मिळते, ती गुंडाळली. नवी नालीदार नळी, नवी क्लिप, आणि ब्रॅकेटची धार कानशीने मारून घेतली.

तुमच्याकडे दुसरं काही निघालं तर

कपलर काढल्यावर आत तेल दिसलं तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग किंवा सेन्सरचं ओरिंग गळतंय. काँटॅक्ट क्लीनरने कपलर धुवा, पण गळती थांबवल्याशिवाय तो कोरडा राहणार नाही. सेन्सर काढून त्याचं टोकही बघा. आत चुंबक असेल तर त्यावर लोखंडाचा बारीक चुरा चिकटलेला मिळतो. थोडा असेल तर पुसून घ्या. जास्त असेल तर इंजिनात काहीतरी झिजतंय, ते आधी दाखवा.

गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवलेलं असेल तर पहिली नजर तिथे. किटसोबत टायमिंग ॲडव्हान्सरचा (गॅसवर स्पार्क थोडा लवकर देणारा) डबा असेल तर त्यासाठी क्रँक किंवा कॅम सेन्सरची वायर कापून किंवा सोलून जोड दिलेला असतो. तो जोड टेप गुंडाळून सोडला असेल तर पावसाळ्यात त्याचा त्रास ठरलेला. आणि उंदीर. शेताजवळ, गोडाऊनजवळ किंवा महिनाभर एका जागी गाडी लावत असाल तर हार्नेस शेवटपर्यंत हाताने चाचपून बघा. कुरतडलेली वायर वरून दिसत नाही, नळीच्या खालच्या अंगाला असते.

ज्या गाड्यांत इनटेक आणि एक्झॉस्टच्या कॅमला वेगवेगळे सेन्सर आहेत, त्यांचं नशीब चांगलं. दोन्हींचा पार्ट नंबर एकच असेल तर अदलाबदल करा. आधी पी०३४० येत होता आणि आता पी०३६५ (दुसऱ्या कॅम सेन्सरच्या सर्किटचा कोड) आला, तर बिघाड सेन्सरसोबत हलला, म्हणजे सेन्सरच खराब. जागचा हलला नाही तर सेन्सर चांगला. एक रुपया न घालवता उत्तर मिळतं.

सेल्फ मारताना बॅटरीही मोजा. ती ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल तर आधी बॅटरी आणि तिचे टर्मिनल नीट करा. खचलेल्या व्होल्टेजवर सिग्नलचे कोड उगाच पडू शकतात.

पी००१६ किंवा वारंवार पी०३४१ येत असेल, आणि थंड इंजिन चालू करताना एक-दोन सेकंद साखळी खडखडल्यासारखा आवाज येत असेल, तर टायमिंग चेन ताणली गेली आहे किंवा टेन्शनर थकलाय असं धरून चाला. तिथे सेन्सर खरंच सांगतोय की कॅम जागेवर नाही. अशी गाडी रेटत राहू नका. चेनने दात सोडला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह भिडून इंजिन उघडावं लागू शकतं. हे काम घरी करण्यासारखं नाही.

सगळं तपासून सेन्सरच खराब ठरला तर पार्ट नंबर जुळवून चांगल्या मेकचा घ्या. जागा साफ करा, ओरिंगला इंजिन ऑइलचं बोट लावा, सेन्सर हाताने सरळ पूर्ण आत बसवा आणि मगच बोल्ट लावा. बोल्टने ओढून बसवायला गेलं की कान तुटतो किंवा सेन्सर तिरका बसतो. तिरका बसला की दात्यापासूनचं अंतर बदलतं, आणि हे अंतर बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या आसपास असतं. बोल्ट लहान असतो, बहुधा दहाच्या पान्याचा. मनगटाने आवळा, खांद्याने नको.

काम झाल्यावर कोड पुसा आणि गाडी नेमकी त्याच परिस्थितीत घाला ज्यात ती अडायची. पूर्ण गरम करून पंधरा मिनिटं बॉनेट बंद ठेवून उभी करा, मग सेल्फ मारा, मग स्कॅनरमध्ये पेंडिंग कोड बघा. चेक लाइट पेटायच्या आधी बिघाड बऱ्याचदा तिथे नोंदला जातो. मी हे तीन वेगवेगळ्या दिवशी केलं. चौथ्या दिवशी आईला घेऊन कराडला गेलो, सुरूरला चहाला थांबलो, वीस मिनिटं मुद्दाम जास्त बसलो. किल्ली फिरवली, गाडी अर्ध्या सेल्फमध्ये चालू झाली.